जिन्यावर उजेड होता का?

४ सप्टेंबर

प्रिय दादा,

आणि दादाच्या आधी हे पाकीट फोडून, चष्मा शोधून, मोठ्याने वाचणाऱ्या वहिनींना नमस्कार. वहिनी, आधी चहा ठेवा. समोर चहा असला की दादा उठून जात नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय. त्याचा पहिला घोट झाला की पुढे वाचा.

दादा, मी मजेत आहे. तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहायला बसले. वहिनी म्हणाल्या, डोळे गेल्यापासून तुला फोनवर प्रत्येकाच्या आवाजात कीव ऐकू येते आणि तू फोन ठेवून देतोस. ठीक आहे. आता माझी वाक्यं वहिनींच्या आवाजात येतील. त्यांच्या आवाजात तुझ्याबद्दल कणभर जरी कीव सापडली तर मला कळव, मी पैज हरले म्हणून मान्य करीन.

(हसू नका वहिनी, वाचा.)

कॉलेजची नोकरी सोडली, हे तुला उडत उडत कळलं असेलच. बदल हवा होता. इथे एका लहानशा शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. राहायला दोन खोल्या मिळाल्या आहेत. तळमजल्याच्याच हव्या म्हणून थोडं थांबले, पण जागा छान आहे. खिडकीसमोर सायकल दुरुस्तीवाल्याचं अंगण. दिवसभर तो चाकांच्या तारा छेडत बसतो आणि कोणती सैल आहे ते कान लावून ठरवतो. घरमालकीण निवृत्त नर्स आहे. मी रसायनाची बाई आहे म्हटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "मग उंदरांसाठी काही मिळेल का तुमच्याकडे?"

माझ्या वर्गात पाचच मुलं आहेत. टोपणनावं सांगते म्हणजे तुला लक्षात राहतील. एक मुलगी आहे, तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिचं बटण बंदच होत नाही. एक वकील आहे, तो प्रत्येक वाक्याला हरकत घेतो. एक मौनी, त्याने पहिल्या आठवड्यात एक शब्द काढला नाही. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, त्या एकमेकींची उत्तरं पूर्ण करतात. दुसऱ्याच दिवशी मी काही न बोलता वर्गात शिरले तर पाचही जण उठून उभे राहिले. मी विचारलं, मीच आहे हे कसं कळलं? रेडिओ म्हणाली, "बाई, तुमच्या डाव्या चपलेचा पट्टा सुटलाय."

परवा इलेक्ट्रॉन संरूपण शिकवलं. कॉलेजात मी हे फळ्यावर वर्तुळं काढून दहा मिनिटांत उरकायचे. इथे फळ्याला मी अजून हातही लावलेला नाही. सगळ्यांना घेऊन पुढच्या जिन्याकडे गेले. रेडिओला खाली उभं केलं आणि म्हटलं, तू अणुकेंद्रक. तिला ते फारच आवडलं. "म्हणजे सगळे माझ्याकडे ओढले जाणार!" पहिल्या पायरीवर दोन जागा, दुसऱ्या पायरीवर आठ, मग तिसरी. आम्हाला सोडियम बनवायचा होता, म्हणजे अकरा इलेक्ट्रॉन. माझी चार मुलं उरली होती, म्हणून खालच्या वर्गातली सहा उसनी आणली आणि शेवटी शिपाईमामांना हाक मारली. पहिल्या पायरीवर दोघी बहिणी, दुसरीवर आठ पोरांची रेटारेटी, आणि तिसऱ्या पायरीवर एकटे शिपाईमामा, हातात घंटेचा हातोडा.

मी विचारलं, "यातला कोण सगळ्यात सहज निघेल?"

"मामा!" सगळे एकदम ओरडले.

वकील म्हणाला, "सिद्ध करतो." तो वर चढला, मामांच्या बाहीला धरलं आणि त्यांना थेट फाटकापर्यंत ओढत नेलं. येऊन सांगतो, "मामा गेले, आता हा अणू राहिला नाही."

"मग काय झाला?"

"आयन झाला. केंद्रकात अकरा आणि जिन्यावर दहाच. एक धन शिल्लक." मग त्याने लगेच हरकत घेतली, "पण बाई, मामांना न्यायला मला जोर लागला. तो जोर कोणाच्या खात्यात?"

दादा, आयनीभवनाला ऊर्जा लागते हे मला सांगायचंच होतं. ते त्याने आधी सांगून टाकलं. मामा मात्र फाटकावरच अडकले, कारण मुख्याध्यापिका तिथून आत येत होत्या आणि त्यांना कळेना, शाळा चालू असताना शिपाई हातोडा घेऊन बाहेर कुठे निघाला.

तुझ्याकडून उत्तराची वाट पाहत नाही. पाहते, पण तसं म्हणत नाही.

अक्षर मोठं आणि जाड शाईचं काढलंय, वहिनींच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून.

तुझी,
बारकी


२६ सप्टेंबर

प्रिय दादा,

वहिनींचा फोन आला होता. त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. पत्र संपल्यावर तू म्हणालास, "फळा नाही, चपलांवरून ओळखतात, धडा जिन्यावर. ही आंधळ्यांच्या शाळेत गेली आहे." आणि कप इतक्या जोरात ठेवलास की कान तुटला. कपाचा. मग म्हणालास, "माझी दया करायला एवढ्या लांब कशाला गेली, घरी येऊन केली असती."

दादा, मी तुझ्यासाठी इथे आले नाही. हे खरं सांगते आहे. यावर आज एवढंच लिहिते.

बाकी तू ओळखलंस याचा मला आनंदच झाला. म्हणजे तू ऐकत होतास.

आता माझी अडचण ऐक. यात दया नाही, निव्वळ अडचण आहे, आणि ती मला तुझ्याशिवाय कोणी सोडवून देईल असं वाटत नाही.

जिन्यावरचा खेळ मी पुढे नेला. इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळाली की तो वरच्या पायरीवर चढतो. दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठे उभा राहू शकत नाही. आणि तिथे त्याचा जीव रमत नाही, तो परत खाली उडी मारतो. उडी मारताना घेतलेली ऊर्जा टाकून देतो, तोच प्रकाश. उंच उडी, जास्त ऊर्जा. मग दोरी आणली. एक टोक वकिलाकडे, एक माझ्याकडे. हळू हलवली की लांब लांब लाटा, जोरात हलवली की आखूड. प्रत्येकाने बोटांनी लाट धरून बघितली. लांब लाट लाल, आखूड लाट जांभळी, मधे बाकीचे रंग. इथवर छान झालं.

मग मी म्हटलं, आता प्रयोग. मीठ ज्योतीत धरलं की ज्योत पिवळी होते.

आणि मौनी बोलला. पहिल्यांदा. "बाई, पिवळं म्हणजे काय?"

त्याला जन्मापासून दिसत नाही. मी म्हटलं, पिवळं म्हणजे... ऊन. तो म्हणाला, ऊन तर गरम असतं. मी म्हटलं, लिंबू. वकील म्हणाला, "बाई, लिंबू आंबट आहे." मी म्हटलं, मध्यम लांबीची लाट. मौनी म्हणाला, "ते पाठ आहे माझं. पण ती लाट त्या ज्योतीतून येते हे मी कशावरून मानायचं?"

बरोबर आहे ना रे त्याचं? मीही तुला एकदा हेच विचारलं होतं. तू कॉलेजात होतास, मी शाळेत. आई बाहेर गेली की तू गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकायचास आणि म्हणायचास, विश्वास ठेवू नकोस, बघ. त्यांना "बघ" म्हणता येत नाही, मग मी काय म्हणू?

इथे पेनाएवढं एक यंत्र आहे. त्यावर उजेड पडला की ते पीं पीं वाजतं, उजेड जास्त तर आवाज मोठा. दिवा चालू राहिला का हे मुलं त्याने तपासतात. त्याचं नाव टिटवी. माझ्या डोक्यात असं आलं: ज्योतीचा प्रकाश बारीक फटीतून आणि काचेच्या लोलकातून नेऊन त्याचा रंगांचा पट्टा पाडायचा आणि त्या पट्ट्यावरून टिटवी सरकवत न्यायची. साध्या बल्बला ती सगळीकडे वाजेल. मिठाच्या ज्योतीला फक्त एका जागी वाजेल, पिवळ्याच्या. बाकी सगळं शांत.

मी करून पाहिलं. टिटवी सगळीकडे केकाटते, नाहीतर कुठेच वाजत नाही. तुझी उभी हयात रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली, नखाएवढ्या चिंधीवरून दोन निळ्यांतला फरक सांगायचास. लोलक आणि फट तुझ्या हातातले. माझं काय चुकतंय?

आणखी एक. मुख्याध्यापिका म्हणतात, आजवर या शाळेच्या मुलांना शेवटच्या परीक्षेला रसायनशास्त्र घेऊच देत नाहीत. प्रयोग दिसत नाहीत तर करणार कसे, असं कारण. डिसेंबरात परीक्षा मंडळाचा एक परीक्षक येणार आहे. मुलांनी स्वतः एक प्रयोग करून दाखवला तर त्याचं मत बदलेल कदाचित.

वहिनी, कपाचा तुटका कान फेकला असेल तर हरकत नाही, पण त्याला नवा कप द्या.

तुझी,
बारकी


२१ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं! वहिनींच्या अक्षरात, वहिनींच्या शुद्धलेखनात, पण शिव्या तुझ्याच. "गाढवे, फट केवढी ठेवली आहेस, म्हैस जाईल त्यातून." मी हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचलं आणि गणिताच्या सरांनी चहा सांडला.

तू सांगितलंस तसंच केलं. दोन दाढीची पाती समोरासमोर, केसाएवढी फट. खोक्याला आतून काळा कागद. ज्योत हलते म्हणून तिच्याभोवती पत्र्याचं नळकांडं. खोलीला जाड पडदे. मीठ चमच्याने न टाकता, तार मिठाच्या पाण्यात बुडवून धरायची. आणि ते शेवटचं, जे मला सुचलंच नसतं: "पोरांचे हात थरथरणार. टिटवी हातात धरू देऊ नको. लाकडाच्या पट्टीत खाच करून तिच्यातून सरकव, म्हणजे जागा बोटांना कळेल." सुताराने पट्टी करून दिली. एका कडेला बारीक खुणा आहेत, बोटांनी वाचता येतात.

आधी बल्ब लावला. टिटवी एका टोकाला हळूच सुरू झाली, वाजत वाजत पुढे गेली, दुसऱ्या टोकाला विझली. रेडिओ म्हणाली, "हे तर माझ्यासारखं आहे. थांबतच नाही."

मग बल्ब बंद, मिठाची ज्योत. मौनीला पुढे बोलावलं. तो टिटवी सरकवू लागला. शांत. अजून पुढे. शांत. आणि मग एका खुणेवर, पीं! तो थांबला. बोटभर पुढे नेली, गप्प. मागे आणली, पीं. पुढे गप्प, मागे पीं. असं त्याने किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग मला म्हणाला, "बाई, पिवळं इथे राहतं."

मी बाहेर गेले आणि नळावर तोंड धुऊन आले.

सगळ्यांनी आपापलं बोट त्या खुणेवर ठेवून पाहिलं. वकिलाची हरकत अशी की मीठ सोडून दुसरं काही जाळलं आणि ते दुसरीकडे वाजलं तरच हे सिद्ध होईल. म्हणून आता लिथियमचा क्षार मागवला आहे.

मुलं विचारतात, पत्रातले काका कोण. मी सांगितलं, माझा मोठा भाऊ, त्यालाही दिसत नाही. रेडिओने विचारलं, मग ते दिवसभर काय करतात? मी म्हटलं, विचारून सांगते. काय सांगू?

जाता जाता एक किरकोळ बातमी. गेल्या आठवड्यात शाळेच्या जिन्यावरून उतरताना पाय घसरला. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. फरशी ओली होती. उजव्या हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची सोय नाही. घरमालकीण जुन्या सवयीने दर तासाला बोटं हलवून बघायला लावते. काळजीचं काही नाही.

तुझी,
बारकी


३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पाकीट हातात घेतलं तेव्हा वाटलं, रिकामंच आहे. आत एकच ओळ. "बारके, तू पडलीस तेव्हा जिन्यावर उजेड होता का?"

त्याखाली वहिनींनी स्वतःचं लिहिलंय: हे सांगून ते उठून खिडकीपाशी गेले, चहा तसाच राहिला, काय झालं आहे?

वहिनी, हे पत्र वाचताना मध्ये थांबू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण वाचत राहा. त्याला अर्धवट ऐकवू नका.

दादा, उजेड होता. संध्याकाळचा होता, पण बाकीच्यांना पुरेसा होता. फरशी कोरडी होती. मला पायरीच दिसली नाही.

तुला ते कळणारच होतं. तुझीही सुरुवात अशीच झाली ना? अंधारात दरवाजा सापडेना, मग बाजूची माणसं दिसेनाशी झाली, आणि तू कोणाला न सांगता समोरचं तेवढं बघत नखाएवढ्या चिंध्या जुळवत राहिलास, कारण समोरचं अजून स्वच्छ दिसत होतं. माझंही समोरचं स्वच्छ दिसतं. हे पत्र मला स्वच्छ दिसतंय. जाड शाई मात्र वहिनींसाठी नव्हती. संध्याकाळी बारीक अक्षर मला दमवतं.

कॉलेजात पडदे ओढून चित्रं दाखवत होते तेव्हा एकदा दिवे लागेपर्यंत मला दार सापडलं नाही. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एका पांढऱ्या घुमटात डोकं ठेवायला लावलं. आत प्रकाशाचे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी बटण हातात धरून वाट बघत बसले. बराच वेळ. मला वाटलं, मशीन अजून सुरू व्हायचंय.

ते सुरू होतं दादा.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी म्हटलं, मोठ्या भावाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, वर्षं आहेत हातात, किती ते मी सांगू शकत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुला सांगायलाच आले होते. तू भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसला होतास. खिडकी बंद. मी म्हटलं, दादा, बाहेर येऊन बस ना, वारा आहे. तू म्हणालास, "आत काय आणि बाहेर काय." मी जेवले, वहिनींना भांडी आवरू लागले आणि परत गेले. रस्ताभर मला तुझी कीव आली नाही. राग आला. ती खुर्ची मला माझी वाटायला लागली. वाटलं, हा माणूस मला माझी जागा गरम करून ठेवतोय.

म्हणून इथे आले. तुझ्यासाठी नाही म्हटलं ते यासाठी. मला बघायचं होतं की न बघता माणसं कशी जगतात. आणि बघितलं. ती भांडतात, प्रयोग करतात, बाईंच्या चपलेला नावं ठेवतात. हे सगळं मला शिकायला वेळ आहे. पण पोरांचं आणि माझं वेगळं आहे. त्यांचं काही गेलेलं नाही. माझं जाणार आहे. ते गेल्यावर कसं उठायचं, कसं चिडायचं, चहा कसा ओतायचा, हे मला सांगू शकेल असा एकच माणूस माझ्या घरात आहे, आणि तो बसून आहे.

लहानपणी शाळेची वाट गवतातून होती. मला सापाची भीती वाटायची. तू पुढे चालायचास, पाय आपटत, आणि मी तुझ्या सदऱ्याचं टोक धरून मागे. तू कधी विचारलं नाहीस की तुला भीती वाटते का. मीही तुला विचारलं नाही. आज विचारते, तेव्हा वाटायची का रे?

परीक्षक पाच डिसेंबरला येतोय. माझा हात प्लास्टरमध्ये आहे, लोलक बसवायला दोन हात लागतात. मुलं तुझं बोलणं ऐकायला उत्सुक आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मी त्यांच्यासाठी बोलावत नाही.

तू ये. मला अजून दिसतंय तोवर मला तुला चालताना बघायचंय.

बारकी


९ डिसेंबर

वहिनी,

हे पत्र फक्त तुमचं. चहा स्वतःसाठी करा आणि आरामात, मनातल्या मनात वाचा. वाचून दाखवायला आता तिथे कोणी नाही, म्हणून घर सुनं वाटत असेल. तुमच्या माणसाची सगळी खबर देते.

तुम्ही त्याला बसमध्ये बसवलंत, पण कंडक्टरला काय सांगितलंत? तो बिचारा प्रत्येक थांब्यावर "काका, अजून नाही" असं ओरडत होता म्हणे. दादा उतरला तेव्हा धुसफुसत होता. मी पुढे होऊन हात धरला. त्याने आधी माझं प्लास्टर चाचपलं, मग चेहरा. कपाळ, गाल, हनुवटी. मग म्हणाला, "वाटायची. तुझ्यापेक्षा जास्त." मला काही क्षण कळेना कशाबद्दल. कळल्यावर आम्ही दोघं तिथेच, सामान वाटेत टाकून, लोकांचा रस्ता अडवून उभे राहिलो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. दादा त्याच्यावर ओरडला आणि मला बरं वाटलं.

घरमालकिणीने त्याच्याही बोटांची तपासणी केली. तिचं आणि त्याचं जमलंय. दोघं मिळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

शाळेत पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात बसून होता. मुलं दबकत होती. मग वकिलाने विचारलं, "काका, तुम्ही आधी बघायचात ना? मग लाल आणि निळ्यात खरंच एवढा फरक असतो की लोक उगाच करतात?" दादा म्हणाला, "लोक बरंच उगाच करतात. पण हा फरक खरा आहे." आणि तिथून जो बोलायला लागला तो जेवणाच्या घंटेपर्यंत. रेडिओला बोलायला वाव मिळेना, ती चक्क रुसली.

लोलक त्यानेच बसवला. मी फक्त "थोडं डावीकडे" एवढं म्हणत होते, आणि ते तो ऐकत नव्हता. बोटांनी ज्योतीची ऊब शोधायचा, फटीची कड शोधायचा, टिटवी लावून ऐकायचा.

परीक्षकाचं सांगते. उंच, कमी बोलणारा, घड्याळ बघणारा माणूस. मौनीने मिठाची ज्योत लावून टिटवी सरकवली आणि पिवळ्याची जागा दाखवली. परीक्षक म्हणाला, "चांगलं आहे, पण हे तू पाठ केलं असशील." आणि त्याने स्वतः उठून, न सांगता, तार दुसऱ्या बाटलीत बुडवून ज्योतीत धरली. उठता उठता त्याने खिडकीचाही पडदा थोडा सरकवला, घड्याळ दिसेना म्हणून असेल. टिटवी एकदम सगळ्या पट्टीभर वाजायला लागली. मौनीचा हात थांबला. त्याचा चेहरा उतरला.

कोपऱ्यातून दादाचा आवाज आला, "पडदा कोणी उघडला?"

परीक्षक गोरामोरा झाला. पडदा ओढला. टिटवी गप्प झाली.

मौनीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पिवळ्याच्या खुणेवर टिटवी अगदी बारीक वाजली. तो पुढे गेला. लांब लाटांच्या टोकाकडे ती जोरात वाजली. तो म्हणाला, "सर, हे मीठ नाही. हे लाल आहे, लिथियम असणार." परीक्षकाने विचारलं, मग पिवळ्यावर का वाजलं? मौनी म्हणाला, "तुम्ही तार धुतली नाहीत. आधीचं मीठ राहिलंय तिच्यावर."

वहिनी, दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

परीक्षकाने नंतर बऱ्याच वेळाने विचारलं, "मी एकदा सरकवून बघू?" त्याने डोळे मिटून टिटवी सरकवली. त्याला जागा सापडेना. दोघी बहिणींनी दोन्ही बाजूंनी त्याचा हात धरून नेला. काल त्याचं उत्तर आलं. या वर्षापुरती परवानगी, पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं. वकील म्हणतो "या वर्षापुरती" या शब्दांना त्याची हरकत आहे, तो लिहिणार आहे.

आता आमच्या घरातलं. दादा मला रोज डोळे मिटायला लावून एक एक काम करवतो. कपात चहा ओतताना कप भरत आला की आवाज वर चढतो, तो ऐकायचा. मी पहिल्या दिवशी ओटाभर चहा केला. तो म्हणाला, "मीही केला होता. तुझ्या वहिनीने मला माहीत नाही असं समजून पुसून टाकला." तुम्ही पुसत होतात ते त्याला ऐकू येत होतं, वहिनी. मला वाटलं, तुम्हाला हे कळायला हवं.

कधीकधी मी रडते. तो रडू देतो. मग म्हणतो, झालं? आणि पुढचं काम सांगतो. कधी तोही गप्प होतो, तेव्हा मी तसंच करते. सगळं छान झालंय असं मी लिहीत नाही. परवा तो दाराला धडकला आणि दिवसभर कोणाशी बोलला नाही. पण संध्याकाळी स्वतःच चपला शोधून निघाला.

शाळेतल्या एका बाईंकडून तो काठी वापरायला शिकतो आहे. शिकवणारी त्याच्या निम्म्या वयाची आहे आणि त्याला दटावते. सकाळी शाळेत जाताना उन्हात सगळं दिसतं मला. तो माझ्या कोपराला धरतो आणि मी खड्डे सांगत जाते. परत यायला सहा वाजतात. हल्ली अंधार लवकर पडतो. वाट त्याला काठीने पाठ झाल्यानंतर एका संध्याकाळी फाटकाबाहेर माझे पाय थांबले. समोर रस्ता होता हे मला माहीत होतं, पण तो नव्हता. दादाने माझा हात स्वतःच्या कोपरावर घेतला, काठी एकदा जमिनीवर टेकवली आणि म्हणाला, "चल. इथून पुढचं मला येतं."

सुट्टी लागली की त्याला पाठवते. तो म्हणतो, त्याऐवजी तुम्हीच इकडे या. तुमचं तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा.

सकाळी त्याला शाळेत नेणारी, आणि रोज संध्याकाळी त्याच्या हाताला धरून घरी येणारी,

तुमची बारकी